बाभळीसाठी चेनसॉचे कम्प्रेशन वाढवायचे असेल तर: सिलेंडर लेथवर चढवण्याआधीचा हिशेब

गंगाखेडच्या बाजूच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे ५२ सीसीचा, बाजारात सगळीकडे मिळणारा चिनी बनावटीचा चेनसॉ आहे, त्याला २२ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पाती) लावलेला आहे, आणि बांधावरच्या वाळलेल्या बाभळी तोडताना, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘मशीन दम सोडायलंय’. ओळखीच्या टर्नरने सिलेंडरची खालची बाजू लेथवर १ मिमी उतरवून देतो असे सांगितले आहे. त्याने कम्प्रेशन (पिस्टन वर येताना मिश्रण किती दाबले जाते ते) वाढेल आणि मशीन ७० सीसीसारखे चालेल, असे त्या टर्नरचे म्हणणे आहे. हे करावे का, आणि करायचे तर नेमके किती उतरवावे, एवढेच त्यांना हवे आहे.

सिलेंडर उतरवून कम्प्रेशन वाढवता येते आणि त्याचा फायदाही होतो. मी जालन्याला गेली अनेक वर्षे टू-स्ट्रोक इंजिनांचे काम करतो आणि त्यांपैकी बराच काळ चेनसॉचे सिलेंडर हाताखालून जात आले आहेत, म्हणून हे खात्रीने सांगतो. मात्र १ मिमी हा आकडा कोणतेही मोजमाप न करता आलेला आहे, तेव्हा तो सध्या बाजूला ठेवावा. दुसरे असे की कम्प्रेशन वाढल्याने ५२ सीसीचे इंजिन ७० सीसीचे होत नाही. ते आहे त्याच आकारात थोडे जोरकस होते, आणि तो जोर कोणत्या फेऱ्यांवर मिळेल हे पुढे सांगितलेल्या गोष्टींवर ठरते.

त्याआधी तुमच्या तक्रारीबद्दल दोन शब्द. वाळलेली बाभूळ कठीण असते, आणि ओंडका काळ्या मातीतून ओढत आणला असेल तर सालीत अडकलेली माती चेनची धार दोन कापांतच घालवते. ५२ सीसीच्या मशीनला २२ इंची बार हे आधीच ओझे आहे. १८ इंची बार लावून, ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिमीच्या गोल कानशीने धार लावून आणि डेप्थ गेज (चेनच्या दातापुढचा उंचवटा) ०.६५ मिमीच्या आसपास ठेवून पाहिल्यावर ज्यांनी ‘सिलेंडर राहू द्या’ म्हणून मशीन परत नेले, असे बरेच लोक मला भेटले आहेत. तुम्ही हे करून पाहिले असेल तर पुढचे तुमच्यासाठी आहे.

आपल्याकडे टू-स्ट्रोकचे काम शिकलेली पिढी बहुतेक बजाजच्या स्कूटरवर आणि आरएक्स १०० वर शिकलेली आहे. त्या इंजिनांना हेड वेगळे असते. हेड घासले की ज्वलनकक्ष लहान होतो, कम्प्रेशन वाढते आणि सिलेंडरमधील पोर्ट, म्हणजे मिश्रण व धूर आत-बाहेर जाण्याची भोके, जागच्या जागी राहतात. तुमच्या टर्नरच्या डोक्यात हाच हिशेब आहे. चेनसॉमध्ये हेड आणि सिलेंडर एकाच ओतकामात असतात, त्यामुळे घासायला वेगळे हेड मिळत नाही. कम्प्रेशन वाढवण्यासाठी आपण सिलेंडरची बैठक उतरवतो, म्हणजे संपूर्ण सिलेंडरच क्रँककेसच्या (क्रँक फिरतो त्या पेटीच्या) दिशेने खाली सरकवतो. ज्वलनकक्षाचे छत पिस्टनच्या जवळ येते हे खरे, पण त्याबरोबर एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याचा), ट्रान्सफर (क्रँककेसमधून मिश्रण वर येण्याचा) आणि इनटेक (कार्बोरेटरकडून मिश्रण आत येण्याचा) हे तिन्ही पोर्टही तेवढेच खाली येतात. एका कामात दोन कामे होतात, आणि दुसरे काम आपण मागितलेले नसते.

पहिल्या कामाचा हिशेब सोपा आहे. बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ४५ मिमी धरला तर पिस्टनचे क्षेत्रफळ १५.९ चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे सिलेंडर ०.५ मिमी खाली आला की वरची जागा सुमारे ०.८ सीसीने कमी होते. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण वरची एकूण जागाच जर ८ सीसीच्या घरात असेल, तर त्यातील दहावा भाग गेला असा त्याचा अर्थ होतो, आणि कागदावरचे कम्प्रेशन गुणोत्तर साडेसातावरून सव्वाआठाच्या जवळ पोचते. पिस्टनच्या काठाची आणि सिलेंडरच्या छताची जी पट्टी एकमेकींच्या जवळ येते, तिला स्क्विश म्हणतात. इंग्रज इंजिन-अभियंते हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलेंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनांच्या हेडमध्ये या कल्पनेचा उपयोग करून दाखवला होता. काठावरचे मिश्रण दाबून मधल्या ठिणगीकडे फेकले की जळण्याचा वेग वाढतो आणि काठावर उरलेले मिश्रण आपोआप भडकण्याची भीती कमी होते. या पट्टीतली फट १ मिमीपेक्षा मोठी असेल तर हे नीट घडत नाही, काठावरचे मिश्रण न जळताच बाहेर जाते आणि इंजिन कोमट चालते. स्वस्त मशीनमध्ये कारखान्यातून निघतानाच ही फट बऱ्याचदा मोठी ठेवलेली असते, कारण जोडणीतला फरक त्यात खपून जातो. आपल्याला मिळणारा फायदा मुख्यतः याच सैलपणातून काढायचा असतो.

आता दुसऱ्या कामाचा परिणाम. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्ट पिस्टन खाली जाताना वरच्या कडेपासून उघडतात. ती कडच खाली आली की दोन्ही उशिरा उघडतात आणि लवकर मिटतात. अशा मशीनचा स्ट्रोक (पिस्टनचा वरपासून खालपर्यंतचा प्रवास) ३२ मिमीच्या आसपास असतो, तेथे ०.५ मिमीचा फरक एक्झॉस्टच्या उघडण्यात सुमारे दोन अंशांचा, म्हणजे पूर्ण उघडझापीत चार अंशांचा पडतो. उलट इनटेक पोर्ट पिस्टनच्या खालच्या कडेने उघडला जातो, त्यामुळे तो लवकर उघडू लागतो आणि त्याचा काळ वाढतो. परिणामी इंजिनाचा जोर खालच्या फेऱ्यांकडे सरकतो. जाड ओंडक्यात बार रुतवून दाब देणाऱ्या माणसाला हे आवडते, बारीक फांद्या भराभर छाटणाऱ्याला मशीन थोडे आळशी वाटते. तुमचे काम बाभळीच्या बुंध्यांचे असल्याने हा बदल तुमच्या बाजूचा आहे, मात्र ०.५ मिमीपर्यंतच. १ मिमी उतरवल्यावर पोर्ट इतके उशिरा उघडू लागतात की वरच्या फेऱ्यांवर सिलेंडर रिकामाच होत नाही, आणि वाढवलेल्या कम्प्रेशनची कमाई तेथे गमावली जाते.

म्हणून पहिले काम मोजण्याचे. प्लग काढून त्याच्या भोकातून १.५ मिमी जाडीची सोल्डरची तार आत घालावी, तिचे टोक सिलेंडरच्या भिंतीला टेकले पाहिजे. ती गजनपिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, म्हणजे क्लचच्या किंवा फ्लायव्हीलच्या बाजूला धरावी, कारण एक्झॉस्टच्या किंवा कार्बोरेटरच्या बाजूला धरल्यास पिस्टन पिनवर झुलतो आणि आकडा खोटा येतो. फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून पिस्टन वरच्या टोकावरून एकदा पुढे न्यावा, तार काढावी आणि चपटलेले अगदी टोक व्हर्नियरने मोजावे. मग दुसऱ्या बाजूला तेच करावे. दोन्ही बाजूंत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर सिलेंडर वाकडा बसलेला आहे किंवा सिलेंडरखालचे पॅकिंग (बेस पॅकिंग) दबलेले आहे, आणि ते दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. तार चपटलीच नाही, तर फट १.५ मिमीपेक्षा मोठी आहे. दोन तारा पिळून पुन्हा मोजावे.

या मोजमापातून मला ०.५ मिमी फट ठेवायची असते. ०.४५ पर्यंत मी जातो, त्याखाली जात नाही. हा आकडा मी पुस्तकातून घेतलेला नाही, तो मला एका सिलेंडरने शिकवला. सुरुवातीच्या दिवसांत अंबडकडील एका लाकूड व्यापाऱ्याच्या मशीनचे बेस पॅकिंग मी काढून टाकले आणि फट मोजलीच नाही, कारण हाताने फिरवताना काही अडत नव्हते. मशीन जोरात चालू लागले, व्यापारी खूष होऊन गेला, आणि आठ दिवसांनी पूर्ण थ्रॉटलवर टकटक आवाज येतो म्हणून परत आला. सिलेंडर उचलला तेव्हा पिस्टनच्या काजळलेल्या माथ्यावर एका कडेला नखाएवढी चंद्रकोर चकचकीत घासलेली होती. तारेने मोजली तेव्हा फट भरली ०.२ मिमी. उभ्या मशीनमध्ये ती पुरते, पण दहा हजार फेऱ्यांवर कनेक्टिंग रॉड ताणला जातो, बेअरिंगमधला खेळ एका बाजूला येतो, पिस्टन तापून वाढतो, आणि ०.२ मिमी शिल्लक राहत नाही. मोठ्या टोकाचे बेअरिंग तोपर्यंत बाद झाले होते. नवा क्रँक मी माझ्या खर्चाने घातला.

तुमच्या मशीनची फट समजा १.० मिमी निघाली. आता बेस पॅकिंगची जाडी मोजा. माझ्याकडे आलेल्या अशा मशीनमध्ये ते बहुधा ०.५ मिमीच्या आसपास असते. म्हणजे लेथ न लावता, केवळ पॅकिंग काढून आणि त्याच्या जागी पेट्रोलला व उष्णतेला टिकणाऱ्या सीलंटचा पातळ थर देऊन तुमचे काम होऊन जाते. साधे सिलिकॉन पेट्रोलने फुगून सुटते आणि तेथून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होऊन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पिस्टन सीज, म्हणजे जाम, होतो, तेव्हा सीलंटवर पैसे वाचवू नयेत. जोडणीनंतर इनटेक व एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे अर्धा बार (येथे बार म्हणजे हवेच्या दाबाचे एकक) दाब भरावा आणि तो धरून राहतो का हे पाहावे. सायकलच्या पंपाने आणि छोट्या गेजने हे घरी करता येते.

फट १.३ किंवा १.४ निघाली तरच लेथची वेळ येते. येथे टर्नरच्या हाताइतकेच सिलेंडर धरण्याच्या पद्धतीला महत्त्व आहे. बाहेरच्या पंखांवर चक आवळला तर पंख तुटतात आणि बैठक बोअरला काटकोनात येत नाही. मी ॲल्युमिनियमचा मँड्रेल (सिलेंडर आतून धरणारा दांडा) चकमध्येच वळवून घेतो, तो चकमधून न काढता त्यावर कागदाचा एक पदर देऊन सिलेंडर सरकवतो, आणि प्लगच्या भोकातून आरपार रॉड घालून नटने ओढून धरतो. नंतर डायल गेज लावून बैठकीची थरथर ०.०२ मिमीच्या आत आली की ०.१ मिमीचे हलके काप घेतो. एकदा उतरवलेला धातू परत लावता येत नाही, पण जास्त उतरला तर पातळ पॅकिंग घालून फट परत मिळवता येते, एवढी एक सवलत या कामात आहे.

सिलेंडर खाली बसवल्यावर काही जागा बघायच्या राहतात, आणि टर्नर त्या बघत नाही, कारण इंजिन त्याच्यासमोर जोडले जात नाही. पिस्टन सर्वांत वर असताना एक्झॉस्टच्या तोंडातून आत बघा. पिस्टनच्या स्कर्टची (खालच्या भिंतीची) खालची कड पोर्टच्या तळाच्या वर उठलेली दिसली, म्हणजे बारीकशी फट दिसली, तर प्रत्येक फेरीत क्रँककेस थेट सायलेन्सरकडे उघडेल आणि मशीन आयडलवर उभे राहणार नाही. पोर्टचा तळ स्कर्टने निदान १ मिमी झाकलेला मला हवा असतो. सिलेंडरचा क्रँककेसमध्ये शिरणारा भाग क्रँकच्या वजनाला घासत नाही ना, बेसचे स्क्रू तळाला जाऊन अडकत नाहीत ना, आणि वरची रिंग बोअरच्या सरळ भागातच थांबते ना, हेही पाहावे. रिंग वळणाच्या भागात शिरली तर ती मोडते आणि तिचे तुकडे सिलेंडर खाऊन टाकतात.

पोर्टचे अंश प्रत्यक्ष मोजायचे असतील तर ३६० अंशांची चकती कागदावर छापून फ्लायव्हीलला चिकटवावी, तारेचा काटा करावा, आणि पिस्टन वरच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी अडवून मधला बिंदू शून्य धरावा. नुसत्या डोळ्याने वरचे टोक ठरवले तर दोन-तीन अंशांची चूक सहज होते, आणि आपण मोजत असलेला फरकच तेवढा आहे. अशा पिस्टन-पोर्ट (पिस्टननेच पोर्ट उघडले-मिटले जाणाऱ्या) मशीनमध्ये एक्झॉस्ट वरच्या टोकानंतर १०० ते १०५ अंशांवर आणि ट्रान्सफर १२० ते १२५ अंशांवर उघडत असेल, तर कामाच्या मशीनसाठी मी त्याला हात लावत नाही.

हात लावायचा झाला तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ग्राइंडरने पोर्टची वरची कड उचलून हरवलेले अंश परत घेणे. हा मार्ग मी नवख्या माणसाला सुचवत नाही. सिलेंडरच्या ॲल्युमिनियमवर क्रोमचा किंवा निकासिलचा अगदी पातळ, कठीण थर असतो. निकासिल म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण धरून ठेवलेला लेप, तो माले कंपनीने १९६७ मध्ये रोटरी इंजिनासाठी काढला आणि पुढे तो छोट्या इंजिनांमध्ये पसरला. ग्राइंडरचे टोक पोर्टच्या आतून बोअरकडे ओढले की या लेपाचे टवके उडतात, आणि एकदा टवका उडाला की रिंग तेथे रोज थोडी थोडी झिजत राहते. कड बोअरकडून पोर्टच्या आत जाईल अशाच दिशेने घासावी, शेवटी तिला बारीक उतार द्यावा, आणि एक्झॉस्टची रुंदी बोअरच्या ६० ते ६५ टक्क्यांपलीकडे नेऊ नये. ४५ मिमी बोअरला ती २७ ते २९ मिमी होते, त्याहून रुंद पोर्टमध्ये रिंग बाहेर फुगून अडकते.

दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. पिस्टनच्या माथ्याचा काठ लेथवर अर्धा मिमी उतरवायचा आणि मधला भाग उंच ठेवायचा. काठ खाली गेल्याने पोर्ट पूर्वीच्याच अंशांवर उघडतात, मधला उंचवटा ज्वलनकक्षात शिरून जागा कमी करतो, आणि चूक झाली तर सिलेंडर न जाता फक्त पिस्टन जातो, जो स्वस्त असतो. अट एवढीच की वरच्या रिंगच्या खाचेवर पुरेसा धातू शिल्लक राहिला पाहिजे. माथा आतल्या बाजूने किती जाड आहे हे मोजल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

सायलेन्सरचे येथेच सांगून टाकतो. अशा मशीनचे बाहेर पडणारे तोंड इतके अरुंद असते की नुसते ते मोठे केल्याने जो फरक पडतो, तो पुष्कळदा कम्प्रेशनच्या फरकाहून जास्त जाणवतो. एक्झॉस्ट पोर्टच्या क्षेत्रफळाच्या तीन चतुर्थांशाइतके तोंड पुरे. ठिणग्या अडवणारी जाळी मात्र काढू नये. चैत्र-वैशाखात आपल्याकडे बांधावरचे गवत कसे असते हे तुम्हाला सांगायला नको.

फ्लायव्हीलची चावी (फ्लायव्हील क्रँकवर जागेवर धरणारी खीळ) कानसून इग्निशनचे टायमिंग पुढे घेण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी ना कोणी देईल. फट कमी झाल्यावर मिश्रण आधीपेक्षा लवकर जळते, त्यामुळे ठिणगी आणखी पुढे ओढण्याचे कारणच राहत नाही. चावी आहे तशी ठेवावी.

कम्प्रेशन किती झाले हे गेजने बघाल, तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोटारीसाठीचे लांब नळीचे गेज या कामाला चालत नाही. नळीतील जागाच ज्वलनकक्षाच्या मानाने मोठी असते आणि आकडा तीस-चाळीस पीएसआयने कमी दिसू शकतो. ज्याचा व्हॉल्व्ह प्लगकडच्या टोकाला असतो, ते गेज घ्यावे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि काटा थांबेपर्यंत दोरी ओढावी. चांगल्या मशीनमध्ये १३० ते १६० पीएसआय मिळतात. आपण समुद्रसपाटीपासून चारशे-पाचशे मीटर उंचावर आहोत, म्हणून किनाऱ्यावर १५० दाखवणारे मशीन इथे १४० च्या आसपास दाखवते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. या कामानंतर १७० ते १८० आले की मी थांबतो. २०० च्या पुढे उन्हात तापलेले मशीन दोरी हातातून हिसकावते आणि स्टार्टरचे दाते जातात.

पेट्रोलबद्दल लोक ऑक्टेनचा, म्हणजे दाबाखाली आपोआप न भडकण्याच्या क्षमतेचा, प्रश्न विचारतात. पंपावर मिळणाऱ्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचे ऑक्टेन ९५ च्या घरात असल्याने वर सांगितलेल्या कम्प्रेशनला ते पुरते. अडचण वेगळी आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटर आहे त्याच सेटिंगवर ठेवला तर मिश्रण पातळ होते, आणि आपण आधीच सायलेन्सर मोकळा करून ते आणखी पातळ केलेले असते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढते. पावसाळ्यात महिनाभर डब्यात राहिलेल्या मिश्रणात पाणी व इथेनॉल तळाला बसते, आणि तळाचे तेच पाणी ओढणाऱ्या इंजिनाला पिस्टनवर तेलाचा थर मिळत नाही. मिश्रण पंधरा दिवसांत संपेल एवढेच करावे. अशा मशीनसाठी मी २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली चांगले टू-टी तेल घालतो, आणि बदल केल्यावर ते कमी करत नाही.

कार्बोरेटरचा एच स्क्रू (वरच्या फेऱ्यांचे मिश्रण ठरवणारा) जोडणीनंतर पाव फेरी डावीकडे सोडून सुरुवात करावी. मशीन गरम झाल्यावर लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटल दिला असता आवाज किंचित फुटका, भरडा यायला हवा, आणि बार ओंडक्यात घालताच तो साफ व्हायला हवा. लाकडाबाहेरच आवाज सरळ, किंचाळल्यासारखा येत असेल तर मिश्रण पातळ आहे. लगेच थ्रॉटल सोडून स्क्रू आणखी डावीकडे घ्यावा. टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारे यंत्र) मिळाला तर कंपनीने दिलेल्या कमाल फेऱ्यांच्या हजारभर खाली राहावे. दुपारी बाराच्या उन्हात लावलेले सेटिंग सकाळच्या गारव्यात थोडे पातळ निघते, म्हणून मी ते नेहमी सकाळी लावतो. पहिल्या दोन टाक्या संपेपर्यंत सलग मोठे काप घेऊ नयेत.

तेव्हा तुमच्याकडून मला काही आकडे हवेत: दोन्ही बाजूंच्या तारेची जाडी, बेस पॅकिंगची जाडी, एक्झॉस्टच्या तळावर स्कर्ट किती मिमी उतरलेला आहे ते, आणि सध्याचे कम्प्रेशन. हे कळवा, म्हणजे पॅकिंग काढून भागते की लेथ लागतो ते सांगतो. तोपर्यंत सिलेंडर टर्नरकडे ठेवून येऊ नका, नाही तर तो सवडीने १ मिमी उतरवून ठेवेल.